पाय सगळ्यांनी पाहिले, घास कोणी पाहिला?

(एपिसोडचं लेखी रूप. बोलण्यातले 'ओके' आणि 'म्हणजे बघा' शक्य तितके कापलेत.)

आज किल्ले नाहीत, लढाया नाहीत. अर्नाळ्याची असून किल्ल्यावर बोलत नाही म्हणून कमेंटमध्ये भांडू नका, तो भाग येणार आहे. आज इतिहास आहे जेवणाचा. तोही एका विशिष्ट जेवणाचा, जे भरवायला एक-एक तास लागतो आणि ज्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकात सहसा काही सापडत नाही.

सुरुवात डब्लिनपासून करते. १९३२ साली तिथल्या एका गवंड्याच्या घरात ख्रिस्ती ब्राउन नावाचा मुलगा जन्मला. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. डावा पाय सोडला तर शरीरावर ताबा नाही. त्या डाव्या पायाच्या बोटांत खडू धरून तो अक्षर काढायला शिकला, मग चित्रं, मग लिखाण. १९५४ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, 'माय लेफ्ट फूट'. १९८९ मध्ये त्यावर सिनेमा आला आणि डॅनियल डे-लुईसला ऑस्कर मिळालं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आता कमी माहीत असलेली गोष्ट: ब्राउन गेला कसा? सप्टेंबर १९८१, वय ४९, जेवताना घास घशात अडकून.

जग त्याच्या पायाबद्दल बोलत राहिलं. जीव गेला तो घशात.

मला वाटतं सेरेब्रल पाल्सीचा सगळा वैद्यकीय इतिहास जवळपास असाच आहे. शंभर वर्षं डॉक्टर लोक पायाकडे बघत होते. मूल चालेल का, उभं राहील का, टाच टेकेल का. आणि घरात आई दिवसातून तीन-चार वेळा त्या मुलाच्या तोंडाशी लढत होती, त्याची नोंद कोणाच्याच कागदावर नव्हती.

आधी हे काय असतं ते पटकन. सेरेब्रल पाल्सी, सरकारी कागदावर 'मेंदूचा पक्षाघात', आपण सीपी म्हणू. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा बिघडतो. इजा वाढत नाही, पण जातही नाही. दर हजार मुलांमागे साधारण दोन-तीन मुलांना असते. आता स्नायू म्हटलं की आपल्याला हात-पाय आठवतात. पण एक घास गिळायला पंचवीसहून जास्त स्नायू कामाला लागतात: ओठ, जबडा, जीभ, टाळू, घसा. घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता काही अंतर एकच असतो. घास आला की श्वासनळी क्षणभर बंद व्हायला लागते आणि लगेच उघडायला लागते. विरारला गाडी लाइन बदलते तेव्हा रुळांचे पॉइंट बदलतात ना, तसंच. पॉइंट अर्ध्या सेकंदाने उशिरा बदलला तर काय होईल, ते लोकलवाल्यांना सांगायला नको.

सीपी असलेल्या काही मुलांत तो पॉइंट उशिरा बदलतो. जीभ घास मागे ढकलायच्या ऐवजी बाहेर ढकलते. चमचा दाताला लागला की जबडा गच्च मिटतो आणि सुटत नाही. घरातल्यांना वाटतं पोरगं हट्टी आहे. आणि सगळ्यात वाईट प्रकार असा की अन्न श्वासनळीत जातं, पण ठसकाच लागत नाही. बाहेरून सगळं शांत दिसतं. नंतर छाती घुरघुरते, न्यूमोनिया होतो, बरा होतो, परत होतो.

आता इतिहासात जाऊ. विल्यम लिटल, लंडनचा डॉक्टर. त्याचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून वाकडा होता. १८३६ मध्ये तो जर्मनीला जाऊन स्ट्रोमायर नावाच्या सर्जनकडून टाचेची शीर कापून घेऊन आला, पाय सुधारला, आणि त्यानं तेच तंत्र इंग्लंडमध्ये आणलं. १८६१ मध्ये त्यानं लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांसमोर निबंध वाचला आणि तो १८६२ मध्ये छापला गेला. मुद्दा असा की अवघड बाळंतपण, वेळेआधी जन्म, जन्मताना श्वास गुदमरणं याचा मुलांच्या ताठ हातापायांशी संबंध आहे. पुढे कित्येक वर्षं या अवस्थेला 'लिटलचा रोग' म्हणत. माणूस ऑर्थोपेडिक, त्याचा स्वतःचा त्रास पायाचा, त्याच्याकडचं हत्यार शीर कापायचं. मग नजर कुठे जाणार?

१८८९ मध्ये विल्यम ऑस्लरनं १५१ केसेस गोळा करून पुस्तक केलं आणि वाटणी केली: एक बाजू, दोन्ही बाजू, दोन्ही पाय. मग आला चक्क सिग्मंड फ्रॉइड. हो, तोच, स्वप्नंवाला. त्याआधी तो मुलांच्या मेंदूच्या आजारांवर काम करायचा आणि १८९७ मध्ये त्यानं सीपीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं लिटलला उलटा प्रश्न विचारला: अवघड बाळंतपण हे कारण कशावरून, कदाचित आधीच पोटात काहीतरी बिघडलेलं असेल आणि म्हणून बाळंतपण अवघड झालं असेल? कोणी फार ऐकलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की बहुतेक केसेस बाळंतपणातल्या गडबडीनं समजावता येत नाहीत. जवळपास ९० वर्षं. तेवढ्या काळात किती सुईणी आणि किती आया दोषी ठरल्या असतील, विचार करा.

पण फ्रॉइडनंही वर्गवारी केली ती हातापायांचीच.

आता मुंबई. आपल्याकडे ही गोष्ट पोलिओनं सुरू होते. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं. त्यातूनच पुढे हाजी अलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. जवळच १९५५ मध्ये केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची अखिल भारतीय संस्था आली. आमच्याकडून जाणारे लोक अजूनही 'हाजी अलीला दाखवलं' एवढंच म्हणतात, कुठल्या इमारतीत ते विचारायचं नाही. अर्नाळ्याहून विरार बसनं, मग लोकल, महालक्ष्मीला उतरा. कडेवर आठ वर्षांचं मूल घेऊन.

यात एक बाई मला फार आवडतात. कमला निंबकर. जन्मानं अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. मराठी माणसाशी लग्न करून भारतात आल्या, मग परत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या, आणि १९५० मध्ये परळच्या केईएममध्ये त्यांनी या विषयाचं भारतातलं पहिलं शिक्षण सुरू केलं. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' शाळा ऐकली असेल, ते नाव यांचंच. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे ऑफिसच्या नोकरीशी काही नाही हं. रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः करता यावीत, त्याची विद्या. अंघोळ, कपडे, जेवण. म्हणजे घासाकडे बघणारी विद्या परळला १९५० पासून होती. पण त्या काळात दारासमोरची रांग पोलिओची होती, आणि पोलिओचं मूल बहुतेक वेळा नीट जेवतं. त्याचा प्रश्न खरोखर पायाचा असतो. कॅलिपर, बूट, कुबड्या, व्यायाम. आपली व्यवस्था त्या मुलासाठी बांधली गेली. सीपीचं मूल त्याच दारातून आत आलं आणि त्यालाही आधी पायच विचारले गेले. कोणाची चूक म्हणून नाही सांगत मी. सॉफ्टवेअरमध्ये पण असंच होतं, पहिल्या ग्राहकासाठी जे बांधतो तेच पुढच्या दहा ग्राहकांच्या गळ्यात पडतं.

१९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली. त्यांची मुलगी मालिनी १९६६ ची, सीपी असलेली. इंग्लंडमध्ये तिला उपचार आणि शाळा दोन्ही मिळाल्या, इथे परतल्यावर तिला घ्यायला शाळाच नव्हती. मग आईनंच शाळा काढली, कुलाब्याला, मोजक्या मुलांवर. नर्गिस दत्त संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या. पुढे संस्थेचं नाव 'अडॅप्ट' झालं, आणि मालिनी चिब यांनी एका बोटानं टाइप करत स्वतःचं पुस्तक लिहिलं. इथे मुद्दा पहिल्यांदा पायावरून हलला आणि शिक्षणावर आला. मोठी गोष्ट होती ती. तरी ताट अजून घरातच होतं, आईच्या मांडीवर.

ताटाकडे पहिली नजर टाकली ती थेरपिस्ट बायकांनी. बर्ता बोबाथ, बर्लिनची. नाझींमुळे पळून लंडनला आली, नवरा कारेल डॉक्टर. दोघांनी १९४० च्या दशकापासून सीपीच्या मुलांना हाताळायची वेगळी पद्धत बसवली, ज्यात आधी सगळ्या शरीराची बैठक बघायची. त्यांच्याच परंपरेतल्या नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये आईवडिलांसाठी पुस्तक लिहिलं, सीपीचं मूल घरी कसं हाताळायचं यावर. त्यातलं भरवण्याचं प्रकरण हेलन म्युलर या स्पीच थेरपिस्टनं लिहिलं. मान मागे पडू देऊ नका. समोर बसा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. जबड्याला बोटांनी आधार द्या. साध्या गोष्टी. पण १९६८ पर्यंत छापील स्वरूपात त्या आईच्या हातात फारशा आल्या नव्हत्या.

मान मागे पडू देऊ नका, यावर जरा थांबू. कारण आपल्याकडे बोंडलं आहे. चांदीचं, आजीनं दिलेलं, चोच असलेलं. बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, मान जराशी मागे, आणि चोचीतून पातळ दूध किंवा पेज सोडायची. धडधाकट बाळ निभावून नेतं. सीपीच्या मुलासाठी ही जवळपास सगळ्यात धोक्याची बैठक: मान मागे गेली की श्वासनळीचा रस्ता मोकळा होतो, आणि पातळ पदार्थ इतका वेगात जातो की बंद व्हायला वेळच मिळत नाही. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, म्हणून पुष्कळदा तो सोपा पडतो. आपली समजूत बरोब्बर उलटी असते: गिळता येत नाही ना, मग अजून पातळ करा.

आणि पातळ केल्याचा दुसरा तोटा हिशोबाचा आहे. तांदळाच्या पेजेनं पोट भरतं, पण त्यात मुख्यतः पाणी. मूल दहा चमच्यांत दमतं, म्हणून त्या दहा चमच्यांत काय आहे हाच सगळा प्रश्न. एक छोटा चमचा तूप किंवा तेल म्हणजे साधारण ४५ कॅलरी. नाचणीचं घट्ट सत्त्व, गुरगुट्या भात चांगला घोटून वर तूप, शिजवून कुस्करलेलं राजेळी केळं. वसई-आगाशी भागात या वस्तू घरात असतातच. उलट आमचं रोजचं जेवण, कालवण-भात, या मुलांसाठी अवघड. पातळ रस्सा घशात आधी पोहोचतो आणि शितं तोंडातच राहतात, दोन वेगवेगळ्या वेगाच्या गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या. वर काटा आहेच. चमचा धातूचा नको, उथळ प्लास्टिकचा किंवा सिलिकॉनचा, म्हणजे जबडा गच्च मिटला तरी दात दुखावत नाहीत. मी डॉक्टर नाही, कोड लिहिते. कुठल्या मुलाला काय चालेल ते गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टनं किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टनंच ठरवावं.

मोठी तंत्रं मग एकामागून एक आली. १९८३ मध्ये जेरी लोगमन यांचं गिळण्याच्या विकारांवरचं पुस्तक आलं आणि बेरियम मिसळलेला घास एक्स-रेच्या व्हिडिओवर बघायची तपासणी रुळली. तो न दिसणारा ठसका पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. त्याच्या थोडं आधी, १२ जून १९७९ ला, अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी साडेचार महिन्यांच्या बाळाच्या पोटात दुर्बिणीच्या मदतीनं नळी बसवली, पोट न उघडता. हीच पेग ट्यूब. ज्यांना तोंडानं पुरेसं जातच नाही त्यांच्यासाठी जीव वाचवणारी गोष्ट. आपल्याकडे तिला घरातून विरोध होतो आणि मला तो समजतो. उष्टावणापासून आपण मुलाला माया घासातूनच देतो, चिऊ-काऊच्या नावानं. नळी म्हणजे हरलो, असं आईला वाटतं. डॉक्टरांनी हे बोलायला हवं, की नळीतून पोट भरलं तरी ज्याला झेपेल त्याला चवीपुरतं तोंडानं पुष्कळदा देता येतं.

आकडे यायला मात्र २००० साल उजाडलं. ऑक्सफर्डच्या पीटर सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या इजेच्या मुलांच्या पालकांना सरळ प्रश्न विचारले. बहुतेक मुलं सीपीचीच. ८९ टक्के मुलांना जेवायला मदत लागत होती. ५६ टक्क्यांना घास लागायचा. २८ टक्के घरांत भरवण्यात दिवसाचे तीन-तीन तास जात होते. आणि ६४ टक्के मुलांचं खाणं-पोषण कधी कोणी तपासलंच नव्हतं. हे ऑक्सफर्डमध्ये, जिथे आरोग्यसेवा फुकट आहे!

तीन तास. मी गणित केलं: वर्षाचे १,०९५ तास. माझ्या नऊ तासांच्या शिफ्टनं भागलं तर जवळपास १२२ दिवसांचं काम. बिनपगारी, आणि दिवाळीचीही सुट्टी नाही. आमच्या आळीत अशी एक आई आहे. लग्नकार्याला ती येत नाही म्हणून लोक तिला माणूसघाणी म्हणतात. तिचं वेळापत्रक बसवायला सांगा एखाद्या प्रोजेक्ट मॅनेजरला.

बराच काळ डॉक्टरही म्हणायचे की सीपीची मुलं बारीकच असतात, तो आजाराचाच भाग. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या २५,५४५ मुलांच्या वजनांवरून खास सीपीसाठी वाढीचे तक्ते निघाले, आणि त्यात दिसलं की फार कमी वजनाच्या मुलांत मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. बारीक असणं हा स्वभाव नव्हता, धोक्याचा सिग्नल होता.

आता आपला पालघर. कुपोषण म्हटलं की महाराष्ट्राला आपला जिल्हा आठवतो. १९९२ मधले जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. ६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला, तोही पालघरमधूनच. शाळा-अंगणवाड्यांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, एकूण ३० अवस्था, चार गटांत: जन्मजात दोष, कमतरता, आजार, विकासातला विलंब. चांगली योजना आहे, मी मनापासून म्हणते. पण त्या यादीकडे इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघा. तीव्र कुपोषण 'कमतरता' या रकान्यात. हातापायांचा उशीर 'विलंब' या रकान्यात. सीपीचं कुपोषित मूल दोन टेबलांत आहे आणि दोन टेबलांना जोडणारी की नाही. कुपोषण दिसलं तर आहार वाढवा म्हणणार, विलंब दिसला तर फिजिओला पाठवणार. या मुलाला आहार मिळतोय, तो आत जात नाहीये, हे लिहायला जागाच नाही.

अंगणवाडीचा काटा आणि उंचीची पट्टीसुद्धा उभं राहणारं मूल गृहीत धरते. ज्याचे पाय आखडलेत, पाठ वाकलीय, त्याची उंची मोजणार कशी? याला उत्तर आहे, १९९५ पासून आहे. रिचर्ड स्टीव्हन्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरचं. मूल आडवं असलं तरी गुडघा आणि घोटा काटकोनात धरून टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. त्याला २.६९ नं गुणायचं आणि २४.२ मिळवायचे. आली अंदाजे उंची, सेंटिमीटरमध्ये. बारा वर्षांपर्यंत चालतं. गुडघा ३० सेंटिमीटर भरला तर उंची साधारण १०५. वजनासाठी आधी आई मुलाला घेऊन काट्यावर उभी राहील, मग एकटी, आणि वजाबाकी. कुठलं मशीन लागत नाही.

कायद्याच्या बाजूनं सांगायचं तर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा सीपीचं नाव घेतो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सीपी आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी वेगळा प्रोटोकॉल काढला, ज्यात लवकर ओळखणं आणि पुढे पाठवणं हे अंगणवाडी सेविकांच्या कामात आलं. कागद जमा झालेत.

आणि काम होतं का? ढाक्याचा एक प्रयोग २०१२ मध्ये छापून आला. गरीब घरातल्या सीपीच्या मुलांच्या आयांना भरवण्याचं स्वस्तातलं प्रशिक्षण दिलं, मोजकी सत्रं. बैठक, चमचा, घट्टपणा, मुलाच्या खुणा ओळखणं. मुलांच्या छातीचा त्रास कमी झाला, जेवताना ती शांत राहू लागली, आयांचा ताण उतरला. वजन मात्र तेवढ्यानं भरून निघालं नाही, त्यासाठी जास्तीचा आहार वेगळा द्यावा लागतो असं त्यांनीच लिहिलं. म्हणजे दोन्ही टेबलं लागतात.

ऐकणाऱ्यांत कोणाच्या घरी किंवा शेजारी असं मूल असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या. एका जेवणाला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतो का. जेवल्यावर आवाज ओला, घुरघुरता येतो का. वर्षात छाती किती वेळा भरली. ही उत्तरं कागदावर लिहून न्या, कारण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि त्यातली चार पायावर जातात. अंगणवाडीत ताईंकडे टेप असतोच. गुडघ्याचा फॉर्म्युला डिस्क्रिप्शनमध्ये टाकलाय, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.